दीडशे वर्षांची राणी

राजनंदिनी मानसिंग जगदाळे ही मुलगी आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' एवढा शब्दसुद्धा शेजारणीकडून म्हणवून घ्यायची, हे आज कुणाला सांगून पटणार नाही. तिचं तिलाच पटत नाही. नववीत वीरधवल सर शाळेत आले. पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलगी तापानं आडवी झाली, म्हणून सरांनी समोर दिसली तिला, म्हणजे हिला, धरून माइकपुढं उभं केलं. हिनं डोळे घट्ट मिटून सगळं एका दमात बाहेर टाकलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कानात शिरल्या त्या अजून बाहेर आलेल्या नाहीत.

आता दहावीत ती घरी जेवायला बसली तरी म्हणायची, "आई, आज या ठिकाणी मला अजून एक भाकरी पाहिजे."

"या ठिकाणी तुझं तू उठून घे," आई म्हणायची.

साताऱ्याहून कोरेगावकडं जाताना लागणारं त्यांचं गाव तसं उसाचं आणि फौजेचं. गावात गुऱ्हाळं आहेत. गुऱ्हाळात ऊस कुणाच्याही रानातला येवो, गुळाची ढेप एकाच मापाची निघते. वीरधवल सरांची भाषणंही तशीच निघायची. त्यांचा एक साचा होता. सुरुवातीला चार ओळी, मग व्यासपीठ आणि परीक्षकांना वंदन, मग 'तो काळ अंधाराचा होता'. दीड मिनिटाला आवाज खाली. साडेतीन मिनिटांनी उजवा हात वर. साडेचारला डोळ्यांत पाणी. आणि मधे मधे मोकळ्या जागा. तिथं थोर व्यक्तीचं नाव, दोन सनावळ्या, एक लढाई नाहीतर एक शाळा बसवायची. काळ कुठलाही असो, तो अंधाराचाच असायचा.

या मोकळ्या जागा भरायला राजनंदिनीनं एक दोनशे पानी वही केली होती. वहीवर स्केचपेननं लिहिलं होतं, 'थोर व्यक्ती'. आत पानं पाडली होती ती हजेरीपटासारखी, पहिल्या नावानं. 'ल' काढला की लक्ष्मीबाई, 'ब' काढला की बाजीराव, 'श' काढला की शाहू. जिथं जे वाचायला मिळेल ते त्या नावाच्या पानावर उतरवायचं. तिला ही पद्धत इतकी आवडली होती की तिनं वर्गातल्या चौघींना ती शिकवलीही होती, कुणी न विचारता.

डिसेंबरात सांगलीतल्या एका संस्थेनं आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा ठेवली. दक्षिण महाराष्ट्रातल्या शाळा येणार होत्या. पहिल्या नंबरला फिरती ढाल आणि पुण्याच्या राज्य फेरीत जागा. पुण्याला फक्त पहिलाच जाणार. बाकीच्यांना पुस्तक आणि प्रमाणपत्र. विषय म्हणून पाच थोर स्त्रिया दिल्या होत्या. पहिल्या चार नावांवर राजनंदिनीनं काट मारली.

"सर, त्या चौघींवर तीसतीस पोरी बोलणार. परीक्षक झोपणार. ही पाचवी घेते. राणी चेन्नम्मा."

"माहिती मिळंल का?"

"मिळवते की."

मिळाली. भरपूर मिळाली. वडिलांचा मोबाइल घेऊन ती दोन दिवस नाव टाकत गेली आणि येईल ते वहीत उतरवत गेली. एका ठिकाणी होतं की राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा चेन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला, औरंगजेबाला भीक घातली नाही. साल सोळाशे एकोणनव्वद. दुसऱ्या ठिकाणी होतं की चेन्नम्मांनी इंग्रजांशी लढाई केली, कलेक्टर पडला. साल अठराशे चोवीस. साच्यात दोन सनावळ्यांची जागा होती आणि बरोबर दोनच सनावळ्या मिळाल्या. कसं अगदी मापात बसलं, असं वाटून तिनं दोन्हींखाली लाल रेघ मारली.

बाकी एखाद्या वहीनं तेवढ्यात विचारलं असतं, बाई, वजाबाकी येते का. हिच्या वहीला तोंड नव्हतं. सगळं तोंड मालकिणीलाच होतं.

सांगलीत राजनंदिनी जे बोलली ते तिथल्या सभागृहानं बरेच दिवस लक्षात ठेवलं असेल. साडेतीन मिनिटं झाली, हात वर गेला आणि तिनं आवाज चढवला. "ज्या हातांनी राजाराम महाराजांना आधार दिला, त्याच हातांनी इंग्रजांच्या कलेक्टरला मातीत लोळवलं. मोगल थकले, इंग्रज दमले, पण माझी चेन्नम्मा थकली नाही." ते खरंच होतं. एवढ्या वर्षांत तिचा साधा गुडघासुद्धा दुखला नव्हता. मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्टी मारली. वीरधवल सरांनी दारातूनच दोन्ही अंगठे दाखवले.

निकाल सांगायला मुख्य परीक्षक उठले. चिंतामणराव लिमये, सांगलीतले निवृत्त गणिताचे शिक्षक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, "एकाच स्त्रीनं मोगल आणि इंग्रज अशा दोन सत्तांना तोंड दिलं, ही गोष्ट मला स्वतःला आज नव्यानं कळली. या मुलीचा अभ्यास दांडगा आहे." पहिला नंबर राजनंदिनी जगदाळे. दुसरा, जत तालुक्यातल्या एका शाळेची पूजा बिरादार.

पूजा बिरादारही चेन्नम्मांवरच बोलली होती. राजनंदिनीनं तिचं भाषण ऐकलं नव्हतं. स्वतःचं झाल्यावर ती बाहेर जाऊन आरशात बघून आली होती, डोळ्यांतलं पाणी नीट आलं होतं का ते.

बक्षीस समारंभ उरकला. सर एसटीची चौकशी करायला गेले. राजनंदिनी ढाल छातीशी धरून पायरीवर बसून भडंग खात होती. शेजारी एक काटकुळी मुलगी येऊन बसली. दोन वेण्या, हातात पुस्तक आणि प्रमाणपत्र.

"अभिनंदन ओ," ती म्हणाली. "मी पूजा. दुसरी आलेली."

"अगं वा. तुझंपण अभिनंदन. घे भडंग."

पूजानं चिमूटभर घेतलं. "एक विचारू का? रागवू नकासा."

"विचार की."

"तुमच्या चेन्नम्मा किती वर्षं जगल्या ओ?"

राजनंदिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचं तोंड नेहमी आधी उघडायचं आणि विचार मागून यायचा. या वेळी विचार आलाच नाही, आली ती वजाबाकी. अठराशे चोवीसातून सोळाशे एकोणनव्वद गेले, एकशे पस्तीस. आणि महाराजांना आसरा देताना ती काही पाळण्यात नसणार. राज्य चालवत होती.

"दीडशे तर व्हत्यातच," पूजा म्हणाली. "दोघी हायत त्या. एक केळदीच्या, तिकडं लांब. त्यांनी तुमच्या महाराजांना ठेवून घेतलं. दुसऱ्या कित्तूरच्या, त्यांची इंग्रजांशी झाली. माझं आजोळ बैलहोंगलचं. कित्तूरच्या राणीला तिथंच कैदेत ठेवल्तं. आमच्या अव्वाच्या, म्हंजे आजीच्या, गावात बारकं पोरगंबी सांगतंय."

"तू का बोलली नाहीस? परीक्षकांना?"

"काय म्हणून बोलू? हरली म्हणून बोलतीया, असं म्हणले असते की." पूजा हसली. "पण भारी बोललासा. तुमच्या राणीला बघून मला वाटलं, आमच्या दोघीबी इतक्या जगल्या असत्या तर बरं झालं असतं."

ती चिडली असती तर राजनंदिनीला सोपं गेलं असतं. भांडायचा साचा तिच्याकडं होता. हसणाऱ्या माणसासाठी काहीच नव्हतं.

"तू पुढच्या वर्षी येशीलच की," ती कसंबसं म्हणाली.

"दहावी हाय माझी. पुढं कॉलेजला कुठली स्पर्धा. जाऊ दे." पूजानं वेणी मागं टाकली. "आमच्या शाळेतनं पुण्याला अजून कोण गेलं न्हाई बघा. सर म्हणत होते, तू जाशील. बस लागली वाटतं आमची."

परतीच्या एसटीत राजनंदिनीनं सरांना सगळं सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"पूजाच्या."

"परीक्षकांच्या?"

"नाही."

"मग झालं तर. हे बघ, सादरीकरणाला सत्तर गुण असतात, आशयाला तीस. तू सत्तरातलं कमावलंयस. पुण्याच्या आधी दुरुस्त करून घेऊ. एकच राणी ठेवू. कुठली ठेवायची?"

"सर, पण पहिला नंबर दोन राण्यांना मिळालाय."

"राजनंदिनी," सर म्हणाले, "कराड आलं की चहा घेऊ." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. सर वाईट नव्हते. साच्यात हा प्रसंग नव्हता, एवढंच.

गावात उतरली तर चौकात फ्लेक्स लागलेला. मानसिंग जगदाळे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, यांनी सांगलीहून लेकीचा फोन येताच फ्लेक्सवाल्याला फोन केला होता. निम्म्या फ्लेक्सवर राजनंदिनी हात वर करून, खाली तिचे चुलते, मामा, दोन मावसभाऊ आणि गॉगल लावलेला एक माणूस, जो नक्की कोण हे आजतागायत घरात कुणाला सांगता आलेलं नाही. कोपऱ्यात घोड्यावर बसलेल्या राणीचं चित्र. कुठल्या राणीचं ते विचारायची सोय नव्हती. खाली ओळ, 'जगदाळे घराण्याची शान, इतिहासाची जाण'.

इतिहासाची जाण दहा फूट बाय आठ फूट होती. तिच्याखालून जाताना राजनंदिनीनं मान खाली घातली, तर लोकांना वाटलं पोरगी किती नम्र आहे.

घरी येऊन तिनं पहिल्यांदा वही काढली. चेन्नम्मांचं पान तिला बघवेना म्हणून तिनं सहज 'ब' उघडला. बाजीराव. 'एकही लढाई हरले नाहीत.' त्याच्याच खाली, तिच्याच सुंदर अक्षरात, 'शेवटी पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला जाऊन राहिले.' तिला आठवलं, हे भाषण तिनं वाईत केलं होतं. दुसरा नंबर आला होता. एकही लढाई न हरलेला माणूस राज्य सोडून पेन्शनीवर का बसला, असं तीनशे श्रोत्यांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला नाही.

मग 'श'. हे पान बघताना तिनं एक डोळा मिटूनच घेतला. साताऱ्याचे थोरले शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, साताऱ्याला गादीवर बसले, आणि पुढच्याच ओळीत त्यांनी कोल्हापुरात मुलांसाठी वसतिगृहं काढली. मधली दोनेकशे वर्षं स्वल्पविरामात गेली होती. साताऱ्याची पोरगी. साताऱ्यात जन्मून. हे भाषण तर शाळेतच झालं होतं आणि मुख्याध्यापकांनी पेन दिलं होतं. ते पेन दप्तरात होतं. त्यानंच ती ही वही लिहायची.

सगळ्यात जास्त लाज तिला एका वेगळ्याच गोष्टीची वाटली. त्यांच्या वर्गात आणखी एक राजनंदिनी होती, राजनंदिनी फडतरे. सहामाहीला फडतऱ्यांच्या राजनंदिनीचे गणिताचे अकरा गुण चुकून हिच्या नावावर लागले होते. तेव्हा हिनं अशी काही रडारड केली होती की बाईंनी भर वर्गात दोनदा सांगितलं, ही वेगळी, ती वेगळी. अकरा गुणांसाठी एवढा तमाशा करणाऱ्या मुलीनं दोन राण्यांना, दोन पेशव्यांना आणि दोन छत्रपतींना एकेका पानावर कोंबून टाकलं होतं. त्यांच्यातलं कुणी बिचारं बाईंकडं तक्रार घेऊन येऊ शकत नव्हतं.

खरं सांगायचं तर कबुली द्यायचं तिच्या डोक्यात आलं ते काही थोर मनानं आलं नाही. पुण्याचे परीक्षक वजाबाकी करतील, ही भीती त्यात बारा आणे होती. पण उरलेले चार आणे पूजाच्या हसण्याचे होते आणि तेच जास्त टोचत होते. 'जाऊ दे' म्हणताना ती वेणी मागं टाकायला वळली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं होतं. वेणी आधीच मागं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगराव अंगणात बुटांना पॉलिश करत होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी रविवारी बूट चमकायचे. राजनंदिनीनं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. 'या ठिकाणी' एकदाही न म्हणता. वडिलांचा ब्रश हळूहळू थांबत गेला.

"फ्लेक्स लागलाय," ते शेवटी म्हणाले.

"दिसला मला."

"सरपंच घरी येऊन गेलं. तुज्या मामानं स्टेटस ठेवलंय."

"पप्पा, मी काय करू मग?"

त्यांनी बूट उलटा करून टाच बघितली. "आमी रेंजवर फायरिंगला गेल्तो एकदा. पाच गोळ्या दिल्या व्हत्या. टार्गेट बघितलं तर सहा भोकं. त्यातलं एक बरोबर मदी, बुल. सगळी म्हणली, जगदाळे, गप बस, बुल मोजून घी."

"मग?"

"शेजारच्या टार्गेटला जाऊन बघितलं. तिथं चारच भोकं. एका केरळी पोराचं टार्गेट व्हतं. त्याची गोळी माज्याकडं आल्ती." त्यांनी ब्रश पुन्हा चालू केला. "जाऊन रिपोर्ट दिला."

"त्याला बुल मिळाला?"

"त्याला मिळाला आन मला महिनाभर सगळ्यांनी येडा म्हणून हाक मारली." त्यांनी दुसरा बूट हातात घेतला. "कापड घी एक. ढाल गुंडाळायला. साडेआठची सांगली गाडी हाय. फ्लेक्स राहू दे तोवर. त्यावर कुठली स्पर्धा ते लिवलेलंच न्हाई."

सांगलीच्या गावभागात चिंतामणराव लिमये यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, क्षमाबाईंनी. बापलेकीला बसवून त्यांनी पोहे आणले. चादरीत गुंडाळलेली ढाल दोघांच्या मधे तिसऱ्या पाहुण्यासारखी बसली होती. चिंतामणरावांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल होत गेले.

"असं बघ बाळ," ते म्हणाले, "निकाल लागला. जाहीर झाला. आता बदलायचा नियम नाही."

"पण सर, चूक आहे ना ती."

"चूक म्हणजे अगदी चूक असं नाही. वक्तृत्वात थोडी अतिशयोक्ती चालते."

"एकशे पस्तीस वर्षांची?"

आतून क्षमाबाई म्हणाल्या, "तुम्ही काल घरी येऊन मलाही तेच सांगितलंत. एकच बाई, दोन सत्ता. मी म्हटलं बाईचं वय काय?"

"तू जरा पाणी आण," चिंतामणराव म्हणाले.

राजनंदिनीनं आदल्या संध्याकाळी यासाठी एक भाषण पाठ केलं होतं. 'सत्य' या शब्दानं सुरू होणारं. ते तिला आठवेना. आठवीतली मुलगी परत येऊन तिच्या जागी बसल्यासारखं झालं. मग तिनं पिशवीतून वही काढली, कारण हातात काहीतरी धरायला पाहिजे होतं.

"सर, यात तुमच्या सांगलीचंपण एक पान आहे. वाचू का?"

"वाच की."

"'चिंतामणराव. सांगलीचे राजे. यांनी सांगली संस्थान उभं केलं, गणपतीचं देऊळ बांधायला घेतलं आणि एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली संस्थान भारतात विलीन केलं.'"

चिंतामणराव खुर्चीतून उठलेच. "अगं काय वाचतेस. देऊळ थोरल्या चिंतामणरावांनी बांधायला घेतलं. संस्थान विलीन झालं ते धाकट्या चिंतामणरावांच्या वेळी. थोरले अठराशे एक्कावन्नला वारले. धाकट्यांचा जन्मच अठराशे नव्वदचा. दोन माणसं आहेत ती. मधे पिढ्या गेल्यात. सांगलीत येऊन तू असं कसं..."

तिथं ते थांबले. मानसिंगराव पोह्यांकडं बघत होते. क्षमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

"हं," चिंतामणराव म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझं नावसुद्धा त्यांच्यावरनंच ठेवलंय. धाकट्यांवरनं. का थोरल्यांवरनं, ते वडिलांना विचारायचं राहिलं."

"कित्तूरच्या लोकांनासुद्धा असंच वाटत असेल ना सर?"

"वाटत असेल." त्यांनी कपाट उघडून गुणपत्रकांची फाइल काढली. "तीस वर्षं वजाबाकी शिकवली मी पोरांना. आणि हात वर गेला की टाळी वाजवून मोकळा झालो." त्यांनी बोटानं ओळ शोधली. "एकूण एक्क्याण्णव. आशयाला सत्तावीस दिलेत. पाच कापतो. म्हणजे शहाऐंशी. पूजाला सत्त्याऐंशी आहेत, ती पहिली, तू दुसरी. मिटलं."

"पाच फार कमी होतात सर."

"म्हणजे?"

"एकाच राणीचे धरा, म्हणजे निम्मे. आणि तीपण अर्धीच सांगितली म्हणून अजून कापा."

"अगं, उच्चार शुद्ध होते, सुरुवात चांगली होती."

"सुरुवात सरांची आहे. 'तो काळ अंधाराचा होता' हेपण सरांचं. आशय तेवढा माझा होता, तो चुकला."

आयुष्यात इतकं पोटतिडकीनं राजनंदिनी कधी बोलली नव्हती, तेही स्वतःचे गुण कमी करून घेण्यासाठी. हात वर नाही, डोळ्यांत पाणी नाही, वाक्यं अर्धी तुटत होती. चिंतामणराव दोन गुण वाचवायला बघायचे, ती ते काढून घ्यायची. शेवटी आशयाला सहा उरले. एकूण सत्तर. सहावा नंबर.

"सहावा?" मानसिंगराव पहिल्यांदा बोलले. "म्हंजे उत्तेजनार्थबी न्हाई?"

"नाही," चिंतामणराव ओशाळून म्हणाले.

"मग ठीक हाय," मानसिंगराव म्हणाले, पण त्यांनी पाण्याचा पेला एका घोटात संपवला.

चिंतामणरावांनी तिथंच बसून बाकीच्या दोन परीक्षकांना फोन केले. पहिल्यानं बराच वाद घातला. दुसरा म्हणाला, मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. यावर क्षमाबाई आतून हसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी पूजाच्या शाळेला द्यायचं पत्र लिहायला घेतलं आणि त्यात 'परीक्षकांची चूक' असे शब्द घातले. राजनंदिनी म्हणाली, माझंपण नाव घाला. त्यांनी घातलं. ढाल त्यांच्या टेबलावर राहिली.

गावातला फ्लेक्स अजून आठ दिवस तसाच राहिला. वीरधवल सरांनी शाळेच्या ग्रुपवरचा अभिनंदनाचा मेसेज गुपचूप काढला. दोन दिवस ते राजनंदिनीशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याकडं वही मागितली, घरी नेली, आणि परत दिली तेव्हा 'ब'च्या पानावर पेन्सिलनं मधोमध रेघ मारलेली होती. डोक्यावर लिहिलं होतं, 'पहिले' आणि 'दुसरे'. बाकीची पानं तुझी तू कर, म्हणाले. शाळेत तिला महिनाभर 'दीडशे' म्हणून हाक मारायचे. राजनंदिनी फडतरे तर सगळ्यांत मोठ्यानं मारायची, आणि तिचा तो हक्कच होता.

पुण्याची फेरी आठवड्यावर आली, तेव्हा पूजाचा फोन आला.

"ओ राजनंदिनी, जरा मदत पाहिजे. पुण्याच्या पोरी लय हात हलवत्यात म्हणं. मला त्यातलं काय येत न्हाई. भाषण म्हणून दाखवू का? कुठं काय करायचं ते सांगा."

"दाखव की," राजनंदिनी म्हणाली आणि मोबाइल कानाला लावून ओट्याला टेकली.

पूजा बोलायला लागली. सुरुवातीला चार ओळी नव्हत्या. कुठलाच काळ अंधाराचा नव्हता. तिनं सांगितलं की तिच्या आजोळच्या गावात एक किल्ला होता, तिथं एक राणी कैदेत होती, आणि तिची अव्वा लहानपणी तिथनं जाताना चप्पल काढायची. पहिल्याच मिनिटाला राजनंदिनीच्या जिभेवर तीन सूचना तयार झाल्या. इथं थांब. इथं आवाज चढव. हे वाक्य शेवटी घे. तिनं ओट्यावरचा डाळीचा डबा उघडला आणि मिटला. ओठ दाताखाली धरले. पुढं राणीचा दत्तक मुलगा आला, कंपनी सरकारचा नकार आला, वेढा आला. पूजा तेच गावातल्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगत होती. हळूहळू सूचना यायच्या थांबल्या. राजनंदिनी कधी खाली फरशीवर बसली, ते तिलाही कळलं नाही.

पलीकडं पूजा मधेच थांबली.

"ओ, लाइन कटली का? काहीच आवाज न्हाई तुमचा."

"न्हाई कटली," राजनंदिनी म्हणाली. "ऐकतीय. तू बोल पुढं."